अंतःकरण साथ देत नसता गावे काय?

ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेत गायनाचे स्थान मोठे आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. अक्षरओळख नसलेली म्हातारीदेखील पाचपंचवीस गीते तोंडपाठ म्हणते, आणि रविवारच्या उपदेशाचे मुद्दे सोमवारी विसरणारे लोक गीताची कडवी जन्मभर विसरत नाहीत. परंतु ह्याच गायनाविषयी एक शंका पुष्कळ प्रामाणिक अंतःकरणांस टोचत असते, आणि ती सहसा कोणी उघड बोलत नाही. ती अशी की, ज्या दिवशी आमच्या मनात भरवसा नाही, त्या दिवशी भरवशाचे गीत आम्ही गावे काय? ज्या आईने सकाळी आपले लेकरू मातीआड केले, तिने रात्रीच्या प्रार्थनेत देवाच्या दयेची स्तुती ओठांनी म्हणावी काय? ज्या पाळकाचे मन खचले आहे, ज्यास आपले काम व्यर्थ गेले असे वाटते, त्याने मंडळीपुढे उभे राहून धीराचे पद सुरू करावे काय? जे मनात नाही ते तोंडाने म्हणणे ह्यास आपण ढोंग म्हणतो. मग हेही ढोंगच नव्हे काय?

ही शंका हलकी समजू नये. ओठांनी जवळ येणाऱ्या पण अंतःकरणाने दूर असणाऱ्या लोकांचा निषेध यशया संदेष्ट्याने केला (यशया २९:१३), आणि प्रभूनेही तेच वचन परूशांस ऐकविले (मत्तय १५:८). तेव्हा ज्यास खोटेपणाची भीती वाटते त्याची भीती पवित्र शास्त्रातूनच आलेली आहे. ती हसण्यावारी न नेता तिचे उत्तर शोधले पाहिजे. आमच्या मते ते उत्तर नुसत्या तर्काने सापडावयाचे नाही. ज्यांनी अशी सांत्वनाची गीते रचिली आणि मोठ्या संकटात ती स्वतः गायिली, त्यांच्या चरित्रांकडे पाहिले असता ते अधिक स्पष्ट होते. ह्या कामी जर्मन देशातील लूथरपंथी मंडळ्यांची गीते फार उपयोगी आहेत. त्यांचे पुष्कळसे कवी पाळक होते, आणि त्यांपैकी कित्येकांच्या वाट्यास युद्ध, मरी, दुष्काळ व घरातील मरणे ही इतकी आली की, त्यांचे वृत्तांत वाचताना मन सुन्न होते.

प्रथम ह्या गायनाचा उगम पाहू. मार्टिन लूथरच्या काळापूर्वी मुख्य उपासनेतील गायन बहुतेक लॅटिन भाषेत चाले, आणि ते पुरोहित व गायकवर्ग करीत. सामान्य लोक बहुधा ऐकणारे असत. इ. स. १५२३ च्या जुलै महिन्याच्या १ तारखेस ब्रुसेल्स शहरात दोन तरुण संन्याशांस नव्या शिक्षणाचा त्याग न केल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले. ही वार्ता ऐकून लूथरने त्यांच्यावर एक गीत रचिले, आणि त्याच्या गीतरचनेचा आरंभ त्यापासूनच मानितात. म्हणजे ह्या गायनपरंपरेचे पहिले पाऊल एका सणाच्या आनंदात पडले नाही, ते दोन चितांच्या धुरात पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस लूथरने आपला मित्र स्पालाटिन ह्यास पत्र लिहून विनंती केली की, दाविदाची स्तोत्रे लोकांच्या भाषेत गीतरूपाने उतरावी, आणि शब्द असे घ्यावे की जे साध्या मनुष्यास कळतील. पुढील वर्षी, म्हणजे इ. स. १५२४ मध्ये, न्यूरेंबर्ग येथे केवळ आठ गीतांचे एक लहानसे पुस्तक निघाले. त्यांतील चार लूथरची होती.

त्या चारांत एक गीत १३० व्या स्तोत्रावर रचिलेले आहे. १३० वे स्तोत्र कोणत्या प्रकारचे आहे हे वाचकांस ठाऊक आहे. खोल डोहात सापडलेला मनुष्य तेथून देवास हाक मारितो, आणि पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याप्रमाणे वाट पाहतो. मंडळीने गावयाच्या अगदी पहिल्या गीतांत लूथरने हे आक्रोशाचे गीत घातले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याचे दुसरे प्रसिद्ध गीत ४६ व्या स्तोत्रावर आहे, आणि त्यात देवास बळकट गडाची उपमा आहे. हे गीत इ. स. १५२७ ते १५२९ ह्या दरम्यानचे मानितात. इ. स. १५२७ मध्ये विटेनबर्ग शहरात मरीची साथ आली, लूथर स्वतः आजारी पडला, आणि तरीही तो शहर न सोडता रोग्यांजवळ राहिला. पुढील वर्षी त्याची तान्ही मुलगी एलिझाबेथ मरण पावली. ज्या गीताच्या स्वरात आज आम्हांस केवळ शौर्य ऐकू येते, ते अशा दिवसांचे आहे.

आता आमच्या प्रश्नाशी अगदी जवळची एक गोष्ट सांगू. इ. स. १५४२ मध्ये लूथरने प्रेतसंस्काराच्या वेळी गावयाच्या गीतांचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यास प्रस्तावना लिहिली. ख्रिस्ती मनुष्याच्या कबरेजवळ नुसती रडगाणी न गाता पापक्षमेची, विसाव्याची व पुनरुत्थानाची गीते गावी, म्हणजे जिवंतांचा विश्वास दृढ होईल, असा तिचा भावार्थ आहे. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यात त्याची तेरा वर्षांची लाडकी मुलगी माग्दालेना त्याच्या डोळ्यांदेखत गेली. तेव्हा त्याने आपल्या एका मित्रास काय लिहिले? मुलगी सुटली, देह व जग ह्यांच्या तावडीतून निघून गेली, ह्याबद्दल आम्ही पतिपत्नींनी देवाचे उपकारच मानावयास पाहिजेत; परंतु स्वाभाविक ममतेचा जोर इतका मोठा आहे की, हुंदके दिल्यावाचून आम्हांस तसे करिता येत नाही, अशा आशयाचे त्याचे पत्र आहे. पाहा, सांत्वनाची गीते लोकांच्या हाती देणारा मनुष्य स्वतः म्हणतो की माझे अंतःकरण माझ्या विश्वासाबरोबर चालत नाही. त्याने आपले अश्रू लपविले नाहीत, आणि अश्रू आले म्हणून आपले पुस्तकही मागे घेतले नाही. दोन्ही त्याने देवापुढे शेजारी शेजारी ठेविली.

ह्यापुढे सुमारे पाऊणशे वर्षांनी जर्मन देशावर तीस वर्षांचे युद्ध आले (इ. स. १६१८ ते १६४८). त्या काळी साक्सनी प्रांतातील आयलेनबुर्ग नावाच्या तटबंदीच्या गावी मार्टिन रिंकार्ट हा पाळकाचे काम करीत होता. आसपासच्या खेड्यांतील लोक जीव वाचविण्यास त्या गावात येऊन दाटले, आणि इ. स. १६३७ मध्ये तेथे भयंकर मरी उद्भवली. त्या एका वर्षात त्याने चार हजारांहून अधिक लोकांस मूठमाती दिली असे सांगतात. त्यांत त्याची पत्नीही होती. ह्याच रिंकार्टचे एक उपकारस्तुतीचे गीत जगभर गायिले जाते. पुष्कळ लोक समजतात की त्याने ते मरी सरल्यावर किंवा तह झाल्यावर आनंदाने रचिले. परंतु ह्या विषयाचे अभ्यासक ते १६३७ च्या आधीचे मानितात. मुलांनी भोजनाच्या वेळी म्हणावी अशी ती लहानशी प्रार्थना होती. रिंकार्टच्या घरी मरण शिरले, तेव्हा ते गीत त्या घरात आधीच होते.

तसेच पौल गेर्हार्ट ह्याविषयी. लूथरनंतरचा हा सर्वांत मोठा गीतकार इ. स. १६०७ मध्ये जन्मला. तरुणपण युद्धात गेले, आणि चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत त्यास पाळकाची जागा मिळाली नाही. पुढे बर्लिन शहरातील सेंट निकोलस मंदिरात तो पाळक झाला. त्या देशाच्या राजाने असा हुकूम काढिला की, लूथरपंथी व कॅल्विनपंथी उपदेशकांनी व्यासपीठावरून एकमेकांच्या मतांवर टीका करू नये, आणि तसे लिहून द्यावे. गेर्हार्टला आपल्या विवेकबुद्धीस अनुसरून तसे लिहून देता येईना, म्हणून इ. स. १६६६ मध्ये त्यास कामावरून दूर करण्यात आले. नगरवासीयांनी रदबदली केल्यावर राजाने त्यास परत बोलाविले, तरी मन साक्ष देईना म्हणून तो कामावर गेला नाही. ह्या वादात कोणाचे किती चुकले हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. इ. स. १६६८ मध्ये त्याची पत्नी वारली. पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली होती, एक मुलगा तेवढा उरला. शेवटची वर्षे त्याने ल्यूबेन नावाच्या लहान गावी काढिली, आणि इ. स. १६७६ मध्ये तो प्रभूजवळ गेला. तेथील मंदिरात त्याचे चित्र आहे आणि त्याखाली लॅटिन भाषेत लिहिले आहे की, हा सैतानाच्या चाळणीत चाळला गेलेला शास्त्री होय. लूक २२:३१ मधील पेत्रास सांगितलेले प्रभूचे शब्द ज्यांस आठवतात त्यांस ह्याचा अर्थ सांगावयास नको.

गेर्हार्टचे सर्वांत सांत्वनपर गीत ३७ व्या स्तोत्राच्या ५ व्या वचनावर आहे. आपला मार्ग देवाच्या हवाली करावा, असा त्याचा विषय आहे. त्यास बारा कडवी आहेत, आणि प्रत्येक कडव्याचा आरंभीचा शब्द किंवा शब्द ओळीने घेतले असता ते मूळ वचनच तयार होते. ह्या गीताविषयीही एक कथा लोकांत पसरली आहे की, बर्लिन सोडून निराश्रित झाल्यावर पत्नीचे सांत्वन करण्याकरिता एका धर्मशाळेत त्याने ते रचिले. कथा हृदयस्पर्शी आहे, पण खरी नाही. ते गीत इ. स. १६५३ मध्येच छापले गेले होते, आणि बर्लिन सोडण्यापूर्वीच पत्नी मरण पावली होती. आम्हांस वाटते की खरी गोष्ट कथेपेक्षा अधिक बोधप्रद आहे. गीत पूर्वी रचिले गेले आणि चाळणी मागाहून आली. जे त्याने इतरांकरिता लिहिले होते तेच पुढे त्यास स्वतःकरिता लागले.

ह्या दोन्ही चरित्रांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. सांत्वनाचे गीत हे दुःखाच्या क्षणी मनातून आपोआप फुटणारे पाणी नव्हे. ते आधी खणून ठेविलेल्या विहिरीसारखे आहे. उन्हाळ्यात जो विहीर खणावयास निघतो तो तहानेने मरतो, हे आमच्या दुष्काळी मुलखातील लेकरांसही कळते. ज्याने बऱ्या दिवसांत गीत पाठ केले, त्यास वाईट दिवसांत शब्द शोधावे लागत नाहीत. शब्दच त्यास शोधीत येतात.

आता मूळ शंकेकडे वळू. मनात नाही ते म्हणणे हे ढोंग काय? प्रथम ढोंगाची व्याख्या नीट करावी. ढोंगी तो की जो लोकांस फसविण्याकरिता, आपणास मान मिळावा म्हणून, जे नाही ते दाखवितो. परूशांचा दोष हा होता. परंतु जी दुःखी आई गीताच्या शब्दांस धरून राहते, ती कोणास फसवीत आहे? ती देवास फसवीत नाही, कारण तिचे मन त्यास ठाऊक आहे. ती लोकांस फसवीत नाही, कारण तिचे अश्रू सर्वांस दिसत आहेत. ती त्या मनुष्यासारखी आहे, ज्याने आपल्या मुलाकरिता प्रभूपाशी येऊन एकाच श्वासात आपला विश्वासही बोलून दाखविला आणि आपल्या अविश्वासाकरिता मदतही मागितली (मार्क ९:२४). प्रभूने त्यास ढोंगी म्हटले नाही. त्याचे मूल बरे केले.

दुसरे असे की, मंडळीचे गीत म्हणजे गाणाऱ्याच्या मनःस्थितीचा अहवाल नव्हे. देव विश्वासू आहे असे आपण गातो, तेव्हा आपण देवाविषयी बोलत असतो. आमचे मन आज उत्साही आहे की खिन्न, ह्यावर ते वाक्य खरे किंवा खोटे ठरत नाही. ढगाळ दिवशी सूर्य आहे असे म्हणणारा खोटे बोलत नाही, जरी त्यास ऊब लागत नसली तरी. लूथरपंथी गीतांचे मोठे सामर्थ्य हेच आहे की, त्यांतील श्रेष्ठ गीते मनाच्या लहरींवर उभी नाहीत. ती स्तोत्रांवर, वचनांवर, ख्रिस्ताच्या मरणावर व पुनरुत्थानावर उभी आहेत. म्हणून मन ढासळले तरी गीत ढासळत नाही.

तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत वजनदार, उत्तर वधस्तंभापाशी मिळते. आपल्या प्रभूने अत्यंत क्लेशाच्या घटकेस देवाने टाकिले म्हणून जो आक्रोश केला, त्याचे शब्द त्याने नवीन रचिले नाहीत. ते २२ व्या स्तोत्राच्या आरंभीचे होते. लहानपणी शिकलेले, आपल्या लोकांच्या उपासनेत ऐकलेले ते जुने शब्द त्याच्या मुखात आले. आदल्या रात्रीही तो शिष्यांसह गीत गाऊनच जैतूनांच्या डोंगराकडे निघाला होता (मार्क १४:२६). जर देवाच्या पुत्राने दुःखात पूर्वजांचे शब्द उसने घेतले, तर आपण ते घेण्यास लाजावे काय?

येथे मंडळीचा संबंध येतो. उसने शब्द एकट्याने म्हणणे कठीण; पण पन्नास जण मिळून म्हणू लागले म्हणजे एकाचा कंठ दाटला तरी गीत थांबत नाही. आज तो गप्प उभा राहील आणि शेजारी त्याच्याकरिता गातील. उद्या शेजाऱ्यावर पाळी येईल तेव्हा तो गाईल. प्रेषित पौल कलस्सैकरांस लिहिताना (३:१६) स्तोत्रे व गीते ह्यांच्या योगे एकमेकांस शिकवा असे सांगतो. ‘एकमेकांस’ ह्या शब्दाचा आम्ही पुरता विचार करीत नाही. गायन देवाकडे वर जाते, आणि तेच गायन शेजारच्या बाकावर बसलेल्या विधवेकडेही जाते.

आणि ते पाळकाकडेही जाते. आपल्या मंडळ्यांत पुष्कळांची अशी समजूत आहे की सांत्वन देणे हे पाळकाचे काम आणि घेणे हे मंडळीचे. परंतु पाळकही मातीचाच मनुष्य आहे. सायलेशिया प्रांतातील क्योबेन गावचा पाळक योहान हेर्मान ह्याची गोष्ट पाहा. त्याचे गाव युद्धात अनेकदा लुटले गेले, तेथे मरी आली, आणि शेवटी घशाच्या विकाराने इ. स. १६३४ च्या सुमारास त्यास उपदेश करणेही सोडावे लागले. उपदेशकाचा आवाज गेला म्हणजे त्याच्याजवळ काय उरते? पण त्याने आपल्या गीतांचा संग्रह इ. स. १६३० मध्ये छापविला होता. तो व्यासपीठावर मुका झाला तरी त्याची मंडळी त्याचे शब्द गाऊ शकत होती. लूथरचेही तसेच झाले. इ. स. १५४६ मध्ये तो आयस्लेबन येथे मरण पावला आणि त्याचे शव विटेनबर्गकडे नेताना हाले शहरी आणिले, तेव्हा तेथे जमलेल्या लोकांनी १३० व्या स्तोत्रावरील त्याचेच गीत रडत रडत गायिले. त्या रात्री पाळक अगदी निःशब्द होता, आणि त्याने शिकविलेले शब्द मंडळी त्याच्या शवाशेजारी परत म्हणत होती. ज्या उपदेशकास वाटते की आपल्या कामाचे काही फळ दिसत नाही, त्याने हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे.

तथापि येथे एक सावधगिरीची सूचना केली नाही तर आमचे बोलणे अपुरे राहील. गीत हे औषध आहे म्हणून ते कोणत्याही वेळी कोणाच्याही तोंडात ओतावे असे नाही. दुःखी मनुष्यापुढे गाणी म्हणणे हे थंडीत कोणाचे वस्त्र काढून घेण्यासारखे आहे, असा शहाणपणाचा इशारा नीतिसूत्रांत आहे (२५:२०). कोणी आक्रोश करीत असता, तो आक्रोश ऐकवेना म्हणून घाईने गीत सुरू करणे हे सांत्वन नव्हे. ते त्याचे तोंड बंद करणे आहे. म्हणून आम्ही आमच्या उपदेशक बंधूंस विनंती करितो की, प्रेताच्या घरी गेल्यावर प्रथम बसावे, ऐकावे, आणि गीत निवडताना केवळ विजयाची गीते न निवडता डोहातून हाक मारणारी गीतेही निवडावी. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे किती आहेत! ज्या मंडळीस फक्त आनंदाचीच गीते येतात, तिच्यातील दुःखी मनुष्यास गावयास काहीच उरत नाही, आणि मग त्यास खरोखर ढोंग करावे लागते.

गीत हा ताईतही नव्हे. जर्मन देशात योखेन क्लेपर नावाचा लेखक होऊन गेला. तो पाळकाचा मुलगा होता, आणि त्याने रचिलेली गीते आजही तेथे उपासनेत गायिली जातात. रोमकरांस पत्र १३:१२ ह्या वचनावर, रात्र सरत आली आहे ह्या विषयावर, त्याने लिहिलेले गीत प्रभूच्या आगमनाच्या सणापूर्वी म्हणतात. त्याची पत्नी यहूदी कुळातील होती. त्या काळच्या हिटलरच्या राज्यात तिला व तिच्या मुलीला धरून नेण्याची वेळ जवळ आली आणि सुटकेची सर्व दारे बंद झाली, तेव्हा इ. स. १९४२ च्या डिसेंबरात त्या तिघांनी आपल्या हाताने आपले जीवन संपविले. पहाटेचे गीत लिहिणाऱ्यास पहाट दिसली नाही. ह्यावर आम्ही काय म्हणावे? त्याचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस नाही, तो दयाळू प्रभूचा आहे. पण दोन गोष्टी आम्ही म्हणतो. एक ही की, एका मनुष्याचा हात सुटला म्हणून दोर खोटा ठरत नाही. त्याचेच गीत आज इतरांस धीर देत आहे. दुसरी ही की, बुडणाऱ्या मनुष्यास नुसता दोर टाकून किनाऱ्यावर उभे राहू नये. ज्या बंधूच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात, त्याच्याजवळ रात्रभर बसावे, त्यास एकटे सोडू नये, घरच्यांस सावध करावे, वैद्याकडे न्यावे, आणि जो अन्याय त्यास चिरडीत असेल त्याविरुद्ध उभे राहावे. गीत प्रीतीच्या कामाबरोबर चालते, त्याच्या जागी येत नाही.

ह्याच काळातला दुसरा साक्षी डीट्रिख बोनहोफर हा पाळक होय. इ. स. १९४३ च्या एप्रिल महिन्यात त्यास पकडून बर्लिनमधील टेगेल तुरुंगात टाकिले, आणि १९४५ च्या एप्रिल महिन्यात फाशी दिले. तुरुंगातून त्याने मित्रास लिहिले की, पहिले बारा दिवस मला अगदी वेगळे ठेविले असता पौल गेर्हार्टची गीते, स्तोत्रे आणि प्रकटीकरणाचे पुस्तक ह्यांनी मला आधार दिला. तो ती गीते तेथे वाचून पाठ करीत असे. तीनशे वर्षांपूर्वी आपली लेकरे पुरलेल्या एका पाळकाने लिहिलेले शब्द एका कोठडीत दुसऱ्या पाळकाचे सोबती झाले. मंडळी किती लांबरुंद आहे हे येथे दिसते. जे मेले तेही आमच्याबरोबर गातात.

आमच्या देशाशी ह्या परंपरेचा संबंध जुना आहे. इ. स. १७०६ मध्ये लूथरपंथी मिशनरी त्रांकबार येथे उतरले. पुढे त्याच मिशनातील श्वार्ट्झ ह्यांचे शिष्य वेदनायगम शास्त्री (इ. स. १७७४ ते १८६४) ह्यांनी तमिळ भाषेत, आपल्या देशच्या रागांत, ख्रिस्ती पदे रचिली. ते तंजावरचे मराठे राजे सरफोजी ह्यांच्या दरबारी कवी होते, आणि राजे स्वतः श्वार्ट्झ ह्यांच्या छत्राखाली वाढलेले होते. महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक (इ. स. १८६१ ते १९१९) ह्यांनी अभंगाच्या वळणाने आमच्या मंडळ्यांस स्वतःचा स्वर दिला. टिळक लूथरपंथी नव्हते. पण उपासनेतले शब्द शेतकऱ्याच्या व त्याच्या घरधनिणीच्या जिभेवर सहज बसावे, हा लूथरच्या पत्रातला हेतू त्यांच्या पदांत पूर्ण झालेला दिसतो. परभाषेच्या चालीत अडखळत गायिलेले गीत संकटाच्या रात्री आठवत नाही. जात्यावर व मोटेवर ज्या वळणाची गाणी आमच्या वाडवडिलांनी म्हटली, त्या वळणाचे गीत अंधारातही सापडते.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, आमचा सल्ला थोडक्यात असा आहे. बरे दिवस आहेत तोवर गीते पाठ करा, आणि लेकरांस पाठ करवा. शाळामास्तरांनी व बायबलबायांनी महिन्यास एक गीत पुरते मुखोद्गत करविले, तरी वर्षात बारा होतील. त्या बारांत निदान तीन विलापाची असावी. प्रत्येक गीत कोणत्या वचनावर आहे हेही मुलांस सांगावे, म्हणजे मन डळमळले तरी पाय कोठे ठेवावा हे त्यांस कळेल. पाळक आजारी असला, किंवा त्याच्या घरी दुःख झाले, तर पंचांनी दहा माणसे घेऊन त्याच्या अंगणात जावे आणि त्याने शिकविलेले गीत त्यास ऐकवावे. आणि ज्याच्या तोंडून आज शब्द फुटत नाही, त्याने लाजू नये व उपासनेस येण्याचे सोडू नये. त्याने मंडळीत उभे राहावे. त्याच्या वाट्याचे कडवे आज इतर म्हणतील. पौल व सीला मध्यरात्री तुरुंगात गात होते, तेव्हा इतर बंदिवान ते ऐकत होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे (१६:२५). त्या ऐकणाऱ्यांनाही त्या रात्री बेड्या होत्या, आणि दारे उघडली तेव्हा त्यांच्याही बेड्या तुटल्या.